आधी मोकळी कर

एका गावात एक बाई होती. गावात दमलेली माणसं पुष्कळ होती, पण तिच्याइतकं दमलेलं कुणी नव्हतं.

तिला सगळे यशवदाकाकू म्हणत. गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि दुधावर चालायचं. घराघरात दोन-चार गायी, एखादी म्हैस. आणि दुधाची जनावरं असली की त्यांच्यामागे दगडी असतेच. दगडी म्हणजे कासेचं दुखणं. जनावर व्यालं की थोड्या दिवसांनी कासेचा एखादा भाग सुजतो, तापतो आणि हाताला दगडासारखा लागतो. धार काढायला बसलं की जनावर लाथ झाडतं. दुधात दह्यासारख्या गुठळ्या येतात. वेळेवर इलाज झाला तर कास निवळते. नाही झाला तर तेवढं सड कायमचं बंद पडतं, आणि बंद पडलेलं सड पुढच्या वेतालाही दूध देत नाही.

या दुखण्यावर काकू लेप द्यायची. तो काही गुप्त नव्हता. कोरफडीची दोन-तीन जाड पानं, मूठभर हळद आणि सुपारीएवढा चुना. पानांचे काटे काढायचे आणि सगळं पाट्यावर एकजीव वाटायचं. हळदीला चुना लागला की तिचा पिवळा रंग जातो आणि विटेसारखा लाल येतो. तसा रंग आला की लेप झाला. तो रोज ताजा वाटायचा. पण लेप लावण्याआधी एक काम असायचं. दुखरी कास पिळून पिळून पार रिकामी करायची, आत नासलेल्या दुधाचा थेंब ठेवायचा नाही. मग कोमट पाण्याने धुवायची आणि मगच लेप. असं दिवसातून दहा वेळा, पाच दिवस.

कास रिकामी करण्याला काकूच्या घरात 'मोकळी करणं' म्हणत. काकूची सासू तसंच म्हणायची, आणि सासूला ज्यांनी शिकवलं तीही माणसं तसंच म्हणत असणार.

खरं तर हा लेप गावात कुणालाही वाटता आला असता. कोरफड बांधाबांधावर होती. पण लोक म्हणायचे, "काकू, तुमच्या हाताला गुण आहे. आम्ही लावून काय उपयोग?" काकूला पहिली काही वर्षं हे ऐकून बरं वाटायचं. मग ती सवयीने ऐकू लागली. आता तिला ते ऐकू आलं की आधी गुडघे दुखायचे.

कारण हाताला गुण असला तरी तो हात गोठ्यापर्यंत न्यावा लागतो. एका गायीला दहा वेळा. दोन गोठ्यांत दगडी असली की वीस वेळा. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काकू या गोठ्यातून त्या गोठ्यात वाकत, उकिडवी बसत, लाथा चुकवत फिरायची. चुन्याने तिची बोटं उलली होती. भाकरी थापताना त्या भेगांत पीठ भरायचं आणि चरचरायचं. ती जेवायला बसली की दारात कुणीतरी उभं राहायचं. लेप कसा लावायचा हे तिला कुणी विचारत नसे आणि तीही सांगत नसे. सांगत बसण्यापेक्षा करून मोकळं होणं तिला सोपं वाटायचं. इतक्या वर्षांत तिने तो इलाज तोंडाने असा कधी कुणाला सांगितलाच नव्हता. तो तिच्या हातांना ठाऊक होता.

एका वर्षी बरीच जनावरं एकदमच व्याली आणि एका आठवड्यात पाच गोठ्यांत दगडी शिरली. काकूचे हाल झाले. चौथ्या दिवशी भर दुपारी ती कशीबशी घरी आली, भिंतीला टेकली आणि ताट मांडीवर घेतलं. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच दारात सावली पडली.

दारात वरच्या वाडीची सगुणा उभी होती. वरची वाडी डोंगराच्या खांद्यावर, घटकाभर चढायला लागणारी. सगुणा लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी तिथे आलेली. तिच्याबरोबर तिच्या माहेरची गाय आंदण आली होती. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, म्हणून नाव कवडी. सगुणेच्या घरातली एवढी एकच गोष्ट अशी होती की तिला सगुणा 'माझी' म्हणू शकत होती.

सगुणा इतकं हळू बोलायची की काकूला घास थांबवून ऐकावं लागलं. कवडी आठ दिवसांपूर्वी व्याली होती. कालपासून मागच्या बाजूचं एक सड कडक झालं होतं, कास तापली होती. सासू म्हणाली होती, पहिल्याच वेताला सड गेलं तर गाय दारात ठेवायची कशाला, जिकडून आली तिकडे धाडून देऊ. हे सांगताना सगुणेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

काकूने मनात हिशेब केला. खाली पाच गोठे. त्यात ही वाडी, दहा वेळा चढायची आणि दहा वेळा उतरायची. ते होणारच नव्हतं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिने तो इलाज तोंडाने सांगितला. कोरफड किती, हळद किती, चुना किती हे तिने सांगितलं. वाटल्यावर रंग कसा यायला हवा हेही सांगितलं. मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, "आधी मोकळी कर, धू, मग लेप लाव. दिवसातून दहा वेळा. पाच दिवस. एकदाही चुकवू नकोस."

सगुणा वळली, दोन पावलं गेली आणि परत आली.

"काकू, दर वेळी मोकळी करायची?"

"दर वेळी म्हणजे दर वेळी. एकदा सांगितलेलं कळत नाही का गं?"

सगुणेने मान हलवली आणि ती गेली. काकूने ताटातलं भाकरीबरोबरचं कोरड्यास पाहिलं. ते निवलं होतं.

पुढे वाडीत काय झालं ते काकूला चार दिवसांनी कळलं. आपण मात्र ते आत्ताच ऐकून घेऊ.

सगुणेने घरी जाऊन लेप वाटला, अगदी सांगितल्यासारखा, विटेच्या रंगाचा. मग तिने कवडीचं दावं सोडलं. काकूने सांगितलं होतं ना, आधी मोकळी कर. तिने गायीला मोकळी केली, अंगणातल्या आंब्याभोवती एक फेरी मारून आणली, परत खुंट्याला बांधली, कास धुतली आणि लेप लावला. तिला यात काही वावगं वाटलं नाही. गाय एका जागी उभी राहिली की कासेत रक्त साकळत असेल, म्हणून फिरवायची असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

दुखरं सड मात्र तिने पिळलं नाही. सासूने बजावलं होतं, दुखरं सड पिळलं की गाय दूध चोरायला, अडवून धरायला शिकते. शिवाय ते दूध काढून टाकायचं कुठे? दूध जमिनीवर सांडलेलं त्या घरात चालत नसे. सगुणा बाकीच्या तीन सडांची धार काढायची आणि चौथ्यात जे होतं ते तसंच राहायचं.

दहा वेळांचा हिशेब चुकू नये म्हणून तिने दोन वाट्या घेतल्या आणि एकीत दहा चिंचोके टाकले. एक लेप झाला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. संध्याकाळी पहिली वाटी रिकामी व्हायची तेव्हा सगुणेला उभं राहवत नसे. कवडीलाही. सुजलेली कास मागच्या पायाला घासायची, त्यामुळे ती पाय फाकवून चालायची, मध्येच थांबायची आणि सगुणेकडे बघायची. सगुणा तिच्या मानेवर हात फिरवायची आणि म्हणायची, "चल बाई, काकूंनी सांगितलंय."

तिसऱ्या दिवशी सूज उतरायची ती वाढलीच, आणि शेजारचं सडही तापायला लागलं. सगुणा पुन्हा डोंगर उतरली. काकू तेव्हा एका गोठ्यात म्हशीखाली वाकलेली होती. सगुणा तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिली आणि सूज वाढल्याचं तिने सांगितलं.

काकूने मागे न बघता विचारलं, "दहा वेळा लावतेस ना?"

सगुणा हो म्हणाली.

असले 'हो' काकूने आयुष्यभर ऐकले होते. वैरण टाकली का, हो. पाणी पाजलं का, हो. तिने म्हशीच्या पायावर थाप मारून तिला सरकवलं आणि ती म्हणाली, "दहा म्हणजे चार नव्हेत. लेप नाही गं चुकत, लावणारी माणसं चुकतात. जा, नीट कर."

सगुणेने आपले हात पुढे केले होते. तिचीही बोटं चुन्याने उलली होती, नखांच्या कडा लाल झाल्या होत्या. पण काकूची नजर म्हशीच्या कासेवर होती. थोड्या वेळाने काकूने मागे पाहिलं, तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी काकू ओढ्यावर हात धुवायला गेली. तिथे गावचा गुराखी नाथा गुरांना पाणी पाजत होता, आणि चार बाया कपडे धूत होत्या. नाथाला गप्पा मारायला माणसं लागत, आणि माणसं नसली तर गुरंही चालत. तो सांगत होता की वरच्या वाडीत एक गाय आहे, तिला दिवसातून दहा वेळा यात्रा घडते. सगुणा तिला सोडते, आंब्याला प्रदक्षिणा घालून आणते आणि पुन्हा बांधते. कुणी विचारलं तर म्हणते, दगडीचा इलाज आहे.

बाया हसायला लागल्या. एकीने विचारलं की आंबा नवसाचा आहे की काय.

नाथा म्हणाला, "फिरवून दगडी जात असती तर माझी गुरं कधी आजारीच पडली नसती. मी तर जन्मभर त्यांना फिरवतोय."

काकूही हसली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती. सोडते आणि बांधते, सोडते आणि बांधते, असं तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि मग तिचं हसू तोंडातच थांबलं. दर वेळी मोकळी करायची, असं त्या पोरीने विचारलं होतं. दारातून परत येऊन विचारलं होतं.

काकू ओढ्यातल्या दगडावर बसून राहिली. पाणी तिच्या पायांवरून जात होतं. तिला कळलं की चार दिवस त्या गायीच्या कासेत नासकं दूध तसंच साचलं आहे आणि वरून लेप चढतो आहे. लेपाने बाहेरची सूज उतरली असती, पण आतलं दूध बाहेर कसं येणार? आणि ती पोर खोटं बोलली नव्हती. दहा म्हणजे दहाच करत होती.

तिला उठायचं नव्हतं. अंग इतकं जड झालं होतं की तो दगड सोडवेना. दुपारी पाचही गोठ्यांत जायचं होतं. वाडीचा चढ समोर दिसत होता. शिवाय कुणाला काय कळणार होतं? सगळं गाव सगुणेला हसत होतं. एक सड गेलं तर लोक म्हणाले असते, वेडी पोर, गायीला फिरवत बसली. काकूचं नाव कुठे आलंच नसतं.

ती बसून होती तेवढ्यात नाथाने विचारलं, "काकू, दुपारी पाटलांच्या गोठ्यात येताय ना? ते वाट बघतायत."

"त्यांना आणि बाकीच्या चारही गोठ्यांत सांग," काकू म्हणाली, "आज ज्याची गाय त्याचा हात. आधी कास पिळून पार रिकामी करायची, मग धुवायची, मग लेप. आजचा लेप माझ्या ओट्यावर आहे. जसंच्या तसं सांग. पिळून रिकामी. दुसरा शब्द वापरू नकोस."

नाथाने ते दोनदा म्हणून दाखवलं. काकू उठली आणि चढाला लागली.

चढताना तिच्या मनात वाक्यं तयार होत होती. गाय उशिरा दाखवली असं म्हणता येईल. लेप पातळ झाला असेल असं म्हणता येईल. वाडीची हवा थंड, कोरफड कोवळी, असंही म्हणता येईल. दर वळणावर तिला एक नवं वाक्य सुचायचं आणि पुढच्या वळणापर्यंत ते खोटं वाटायला लागायचं. शेवटी दम इतका लागला की वाक्यं सुचायची थांबली.

सगुणेच्या अंगणात पोचल्यावर तिला पहिल्यांदा जमीन दिसली. आंब्याभोवती गोल पायवाट पडली होती. चार दिवसांत गवत मरून माती उघडी झाली होती, आणि मातीत खुरांचे आणि अनवाणी पायांचे ठसे शेजारी शेजारी होते. ओसरीच्या कडेला दोन वाट्या होत्या. एकीत सहा चिंचोके, दुसरीत चार. काकूला ते बघून काय आहे ते विचारावं लागलं नाही.

सगुणा कवडीला खुंट्याला बांधत होती. काकूला पाहून ती उभीच राहिली. तिच्या सासूने मात्र लगबगीने पुढे होऊन घोंगडी अंथरली, पाणी आणलं आणि बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली की बरं झालं तुम्ही आलात, आमच्या सुनेला काही सांगून उपयोग नाही. दिवसभर गायीला फिरवते आणि इलाज करते म्हणते. सगळी वाडी हसते आम्हाला.

"तुमच्या हाताला गुण आहे," सासू म्हणाली. "हिनेच काहीतरी चुकवलं असणार."

काकूच्या हातात पाण्याचा तांब्या होता. घोंगडी वापरून मऊ झालेली होती. तिला फक्त पाणी प्यायचं होतं आणि गप्प बसायचं होतं. मान हलवायचीही गरज नव्हती. सासू बोलतच राहिली असती, सगुणा ऐकतच राहिली असती, आणि सगळं आपोआप मिटलं असतं. दमलेल्या माणसाला याहून सोपं काय असतं?

काकूने तांब्या खाली ठेवला.

"हिने काही चुकवलं नाही," ती म्हणाली. "मी हिला मोकळी कर म्हणाले. मला म्हणायचं होतं कास मोकळी कर. पिळून रिकामी कर. मी कास हा शब्दच बोलले नाही. हिने परत येऊन विचारलं, तर मी हिच्यावर खेकसले. काल ही खाली आली, तर मी हिला खोटं पाडलं. चुकले ती मी."

सगुणेने तोंडाला पदर लावला. ती रडली नाही. ती आंब्याखालच्या त्या गोल वाटेकडे बघत राहिली.

मग काकूने पदर खोचला. पण या वेळी ती स्वतः कवडीखाली बसली नाही. तिने सगुणेला बसवलं, आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि सासूला गायीची मान धरायला सांगितलं. सासूने धरली. कवडीने दोन लाथा झाडल्या, एक काकूच्या मनगटावर बसली. सडातून आधी काहीच येईना. मग एक जाडसर, पिवळट, लांबट गुठळी आली, तिच्यामागे पाण्यासारखं, तांबूस झाक असलेलं दूध. वास इतका वाईट होता की सासूने तोंड फिरवलं. काकूने ते सगळं एका जुन्या मडक्यात घ्यायला लावलं. गोठ्यात एक थेंब सांडू दिला नाही, कारण ते दूध सांडलं की दुखणं दुसऱ्या जनावराकडे जातं. मग परसाच्या टोकाला खड्डा खणून, वर चुना टाकून ते पुरलं.

"हे दूध नव्हे," ती सासूला म्हणाली. "हे पुरलं म्हणून काही तुमची लक्ष्मी जात नाही."

कास धुतली, लेप लावला आणि सगुणेने एक चिंचोका उचलला. काकूने तो तिच्या हातातून घेतला आणि दहाही चिंचोके पहिल्या वाटीत परत टाकले. पाच दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे होते.

काकू दोन दिवस वाडीत राहिली. दर वेळी सगुणेने पिळलं, सगुणेने धुतलं, सगुणेने लावलं. काकू फक्त बघायची आणि सांगायची. सांगणं तिला फार जड गेलं. हात पुढे व्हायचे आणि ती ते मागे घ्यायची. अंगठा कसा धरायचा हे शब्दांत सांगायला तिला एक पूर्ण सकाळ लागली. तिच्या लक्षात आलं की आपल्याला जे येतं त्यातलं अर्धं आपण कधी स्वतःशीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी कवडीचं अंग निवलं. शेजारचं तापलेलं सड मऊ झालं आणि त्यातून पांढरं, स्वच्छ दूध आलं. सगुणेने ते तळहातावर घेऊन उन्हात पाहिलं, गुठळी नव्हती. पण पहिलं सड परत आलं नाही. कितीही पिळलं तरी त्यातून आता काहीच येत नव्हतं. चार दिवस फार झाले होते. कवडी पुढे जन्मभर तीन सडांची गाय राहिली.

काकू निघाली तेव्हा सगुणा तिला उतारापर्यंत पोचवायला आली. तिथे ती म्हणाली, "काकू, मी अजून एकदा विचारायला हवं होतं."

"तू विचारलं होतंस," काकू म्हणाली. "मी ऐकलं नाही. ते माझं. तुझं म्हणून घेऊ नकोस."

सगुणेने विचारलं, "आत्याबाई गाय परत धाडतील का?"

काकूने मागे वळून पाहिलं. सासू गोठ्यात होती आणि कवडीपुढे वैरण टाकत होती. आजवर ते काम तिने कधी केलं नव्हतं.

"नाही धाडायच्या," काकू म्हणाली आणि उतरायला लागली. गुडघे दुखतच होते.

खाली गावात तिच्याशिवाय दोन दिवस गेले होते. तीन गोठ्यांत लोकांनी नीट पिळून लेप लावला होता, दुसऱ्या दिवशी तो स्वतः वाटलाही होता आणि जनावरं बरी होती. चौथ्याने कंटाळा केला होता, त्याची म्हैस अजून सुजलेली होती. पाचव्याने पिळलेलं दूध गोठ्यातच सांडलं होतं. काकूने कपाळावर हात मारला आणि त्या दोघांना शेजारी बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं.

मग ती ओढ्यावर गेली. नाथा तिथेच होता, बायाही होत्या. कुणी काही विचारायच्या आत काकूने मोकळीची गोष्ट सांगितली, आपण काय बोललो आणि सगुणेने काय ऐकलं, सगळं. एक बाई पुटपुटली की म्हणजे काकूंच्या हातातला गुण गेला म्हणायचा. काकूने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

नाथा काठी टेकून म्हणाला, "काकू, म्हणजे आम्ही चार दिवस चुकीच्या माणसाला हसलो."

"हो."

"मग आता तुम्हाला हसायचं?"

"हसा की. मीही हसले होते."

पण कुणाला हसू आलं नाही. बायांनी कपडे पिळले, नाथाने गुरं हाकली.

त्यानंतर लेप मागायला आलेल्याला काकू अर्धा दिवस बसवून घेऊ लागली. त्याने तिच्यासमोर लेप वाटायचा, तिच्यासमोर कास पिळायची आणि शेवटी सगळं आपल्या शब्दांत तिला परत सांगायचं. त्याच्या सांगण्यात चूक निघाली तर काकू आधी विचारायची, "मी काय बोलले होते?" लोक कुरकुरत. इतका वेळ कुणाकडे आहे, म्हणत. पण एकदा शिकून गेलेलं माणूस त्याच कामासाठी पुन्हा येत नसे, आणि वाडीतली माणसं आता सगुणेकडे जात. काकूचं दमणं संपलं नाही. तरी एखाद्या दुपारी तिचं जेवण पूर्ण होई, आणि ताट धुऊन झाल्यावरही दारात कुणी नसे.

तात्पर्य: जे आपल्याला पाठ झालेलं असतं, ते समोरचं माणूस पहिल्यांदा ऐकत असतं. म्हणून त्याला समजेपर्यंत सांगावं, आणि आपल्या अर्धवट सांगण्याचा दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारू नये.